त्रेसष्ट नंबरच्या खिळ्यावरचा दिवा

१२ फेब्रुवारी. रुपये दोन हजार दोनशे वीस फक्त.

पितळी पाटी करून देणाऱ्याच्या अंदाजपत्रकात एवढंच ठळक होतं, बाकी सगळं बारीक. अक्षराला साठ रुपये, अक्षरं सदतीस. बस कंपनीच्या स्टोअरकीपरने पेन्सिलीचं टोक टेकवत ती अक्षरं मोजली, मग शेवटाकडून सुरुवातीकडे पुन्हा मोजली आणि कोपऱ्यात बरोबरची खूण केली. गेल्या चौतीस वर्षांत त्यांनी मोजल्याशिवाय काही आत घेतलं नव्हतं आणि पावतीशिवाय काही बाहेर सोडलं नव्हतं. म्हणून कारखान्यात त्यांना सगळे पावतीकाका म्हणत. ड्रायव्हर म्हणत, मेकॅनिक म्हणत, आणि चिडली की घरी बायकोसुद्धा म्हणे. निवृत्तीला सात महिने उरले होते.

पाटी लागणार होती ती कंपनीच्या एक नंबरच्या गाडीखाली. कंपनीला यंदा शंभर वर्षं पूर्ण होत होती. ही जुनी बस पुढच्या फाटकाशी चार ठोकळ्यांवर उभी असे. तिची गंमत म्हणजे तिला तीन दिवे होते. कडेचे दोन सरळ पाहायचे. मधला, तिसरा, स्टिअरिंगला एका दांडीने जोडलेला होता. ड्रायव्हर जिकडे चाक वळवील तिकडे हा दिवा वळायचा. डोंगरातल्या वळणांवर बाकीच्या गाड्यांचे दिवे दरीत उजेड पाडत, तेव्हा हा एक दिवा पुढचा रस्ता दाखवायचा. ब्याण्णव-त्र्याण्णव वर्षांपूर्वी लोक म्हणे मुद्दाम तिकीट काढून ही करामत पाहायला यायचे.

पाटीवर लिहायचं होतं: वळणारा दिवा या गाडीवर प्रथम बसवला. कल्पना व रचना आमचे संस्थापक मालक यांची.

"काका, याला आधार म्हणून एक फाइल करून ठेवा," मॅनेजर म्हणाले. मॅनेजर तरुण होते, येऊन दोन वर्षं झाली होती. "जुने कागद तुमच्याच ताब्यात आहेत ना?"

"आधार म्हणजे?"

"दिवा मालकांनीच काढला याचा कागद. कोणी विचारलं तर तोंडावर मारायला."

"आणि नाही सापडला तर?"

"सापडेल हो. माझ्या केबिनमध्ये त्यांच्या सहीचं चित्रच लावलंय की दिव्याचं. कार्यक्रम एक मार्चला. चोवीस तारखेला मजकूर पाटीवाल्याकडे गेला पाहिजे."

पावतीकाकांनी काम घेतलं. घ्यायला नको होतं असं त्यांना दुपारी चारच्या चहाला वाटलं.

घरात माणसं तीन. स्वतः पावतीकाका, बायको आणि अकरा वर्षांपासून त्यांच्याकडेच राहणाऱ्या सासूबाई. वय अठ्ठ्याऐंशी. गुडघे गेलेले, पण सुईत दोरा अजून स्वतः ओवत आणि शिवणयंत्रावर जुन्या चादरींच्या पिशव्या शिवत. त्यांचे वडील कंदील करायचे आणि दुरुस्त करायचे. कारखान्याच्या फाटकासमोर त्यांचं दुकान होतं. सगळा गाव त्यांना कंदीलवाले म्हणे. त्यांच्या खऱ्या नावाने कोणी हाक मारली असती तर त्यांनी मागे वळूनही पाहिलं नसतं.

तीस वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्याच आठवड्यात, सासूबाई नव्या जावयाला फाटकाशी घेऊन गेल्या होत्या. तिसऱ्या दिव्यावर हात ठेवून म्हणाल्या होत्या, "हा माझ्या वडिलांनी काढला."

नव्या जावयाला स्टोअरमध्ये लागून चार वर्षं झाली होती. त्याच्या तोंडून निघून गेलं, "पावती आहे का?"

सगळे हसले. त्या दिवसापासून ते वाक्य घरचं होऊन बसलं. सासूबाई म्हणाल्या की टोमॅटो आजचेच आहेत, की जावई विचारणार, पावती आहे का. जावई म्हणाले डोकं दुखतंय, की सासूबाई विचारणार, पावती आहे का. तीस वर्षं हा सामना बरोबरीत चालला होता.

त्या दिवशी चहा फुंकता फुंकता पावतीकाकांनी पाटीचा मजकूर सांगून टाकला. बायकोने डोळे मोठे केले, पण तोवर उशीर झाला होता. शिवणयंत्र थांबलं. सासूबाई काहीतरी टोला हाणतील म्हणून पावतीकाका तयारीत बसले. टोला आलाच नाही.

"लावा पाटी," सासूबाई म्हणाल्या. "मी आपली मागच्या फाटकाने जात जाईन."

दर गुरुवारी गुडघ्यांच्या डॉक्टरांकडे जायला त्या पुढच्या फाटकातून बस धरत. जाताना तिसऱ्या दिव्यावर हात ठेवायचा आणि मग गाडीत चढायचं, हा त्यांचा नेम.

"आई, मागच्या फाटकाला अकरा पायऱ्या आहेत," बायको म्हणाली.

"ठाऊक आहे. मोजल्यात मी. मोजता काय फक्त तुझ्या नवऱ्यालाच येतं?"

यंत्र पुन्हा सुरू झालं. पावतीकाकांचा चहा बशीत तसाच निवला. तीस वर्षं आपण ज्याला गंमत समजत होतो ती समोरच्या माणसाला गंमत वाटत नव्हती, असं त्यांच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं. पण म्हणून घरच्या माणसाचा शब्द फाइलला कसा लावणार? त्यांनी मनाशी ठरवलं, कागद शोधायचा तो मालकांचा म्हणून नाही आणि सासरच्या घराचा म्हणूनही नाही. जो निघेल तो.

सुरुवात केबिनमधल्या चित्रापासून केली. काचेतून मालकांची ठसठशीत सही आणि ३ ऑगस्ट ही तारीख दिसत होती. पावतीकाकांनी मॅनेजरांची परवानगी घेतली, चौकटीची पावती लिहून दिली आणि मागचे खिळे उपसले. कागद बाहेर आला तेव्हा चौकटीच्या पट्टीखाली इतकी वर्षं झाकलेली एक ओळ दिसली. बारीक, आखीव अक्षर: "नमुन्यावरून उतरवले."

म्हणजे चित्र आधीचं नव्हे. आधी नमुना होता, त्यावरून कोणीतरी चित्र काढलं आणि मालकांनी सही केली. मालक सगळ्याच कागदांवर सही करत. कोळशाच्या पावत्यांवरसुद्धा त्यांची तशीच ठसठशीत सही होती.

नमुना कोणाचा?

पुढचे चार दिवस पावतीकाका जुन्या फायलींत बुडाले. नाकात धूळ, बाहीला गंज. दिव्यांच्या फायलीत कंदीलवाल्यांची अकरा बिलं सापडली. सगळी डागडुजीची: काच बदलली, वात बदलली, सांध्याला डाख दिला. कल्पनेचं बिल कोणी करत नाही. नमुन्याचं नाव कुठेही नाही.

शनिवारी कारखान्याला अर्धी सुट्टी. दुपारी पावतीकाका रेघांची वही घेऊन शिवणयंत्रासमोर स्टुलावर बसले. नमुन्याबद्दल त्यांनी घरी अवाक्षर काढलं नव्हतं. साक्षीदाराला आधी सांगितलं की साक्ष कच्ची होते, एवढं त्यांना कळत होतं.

"आई, दिव्याचं पहिल्यापासून सांगा. मी लिहून घेतो."

सासूबाईंनी चष्म्यावरून मुलीकडे पाहिलं. "यांना ताप वगैरे नाही ना?"

"सकाळी तरी नव्हता," बायको म्हणाली.

"लिहा मग. मी तेव्हा जन्मायची होते, हे आधी लिहा. नाहीतर उद्या तेच धराल. मी सांगते ते आईचं आणि बाबांचं ऐकलेलं."

पावतीकाकांनी ते आधी लिहिलं.

"बसचे दिवे खड्ड्यांनी खिळखिळे व्हायचे, ते बाबांकडे यायचे. ड्रायव्हर दुकानात बसून रडगाणं गायचा. वळणावर दिवा दरीत बघतो आणि मी अंधारात, म्हणायचा. बाबा म्हणाले, माणूस वळायच्या आधी मान वळवतो. तुझ्या गाडीला मानच नाही. ड्रायव्हर म्हणाला, मग द्या बनवून. चेष्टेत म्हणाला तो. बाबांनी मनावर घेतलं."

"मग?"

"मग तीन आठवडे घरात कंदील दुरुस्त झाला नाही. आई कावली होती. बाबांनी पत्र्याचा एवढुसा दिवा केला. त्याला छत्रीची काडी जोडली. आणि स्टिअरिंग म्हणून बूटपॉलिशच्या डबीचं झाकण. झाकण फिरवलं की दिवा फिरायचा. तो नेऊन मालकांना दाखवला. मालक म्हणाले, गाडीवर बसवा."

पावतीकाकांची लेखणी अजून चालू होती. "तो नमुना कुठे गेला?"

"तुमच्या कंपनीत. खरा दिवा बसवायला बाबांना पाना लागत होता. तुमच्या लोकांनी म्हणे पाना हवा तर बिल्ला ठेवा. बाबा काय कामगार होते, त्यांच्याकडे बिल्ला कुठला? म्हणून नमुनाच ठेवला त्यांनी तारण."

लेखणी थांबली.

"झाकणाचा रंग कोणता?"

"लाल. वर कोंबडा होता म्हणायचे."

"हे तुम्ही तीस वर्षांत एकदाही बोलला नाहीत?"

"तुम्ही इथवर येऊ कुठे दिलंत? 'पावती आहे का' इथेच आपली गाडी बंद पडायची."

पावतीकाका उठले, चपला पायांत अडकवल्या आणि किल्ल्यांचा जुडगा उचलला.

"अहो, चहा टाकलाय," बायको म्हणाली.

"आल्यावर."

लग्नानंतर पहिल्यांदाच ते उकळता चहा सोडून गेले. बायको दारात उभी राहून ते वळणापर्यंत कसे चालत जातात ते पाहत राहिली. चालत कसले, पळतच होते.

कारखान्याच्या स्टोअरची रीत अशी: खिडकीला जाळी, आत लाकडी फळ्यांची भिंत, भिंतीवर नंबर घातलेले खिळे. प्रत्येक खिळ्यावर एक हत्यार. कामगार हत्यार नेताना आपल्या नंबरचा पितळी बिल्ला त्या खिळ्यावर अडकवून जातो. हत्यार परत आलं की बिल्ला परत. बाहेरचा माणूस असेल तर तो बिल्ल्याऐवजी स्वतःची एखादी वस्तू ठेवतो. आणि दुसरा नियम असा, की ज्या वहीत एक जरी नोंद उघडी असेल ती वही रद्दीत काढायची नाही.

अर्ध्या सुट्टीत स्टोअर उघडायचं तर कारण लिहावं लागे. पावतीकाकांनी पहारेकऱ्याच्या वहीत लिहिलं, "स्वतःची चूक तपासणे." पहारेकऱ्याने ते वाचलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि कुलूप काढून ते हातात धरून उभा राहिला.

त्रेसष्ट नंबरचा खिळा अगदी वर, कोपऱ्यात होता. पावतीकाका शिडीवर चढले. खिळ्यावर हत्यार नव्हतं. एक काळपट, तेलकट वस्तू लोंबत होती. ही वस्तू त्यांच्या चांगल्या ओळखीची होती. दर वर्षी साठा मोजताना ते शिडीवर चढत, तिला बोट लावत आणि खाली येऊन लिहीत: "पत्र्याची वस्तू, चकतीसह. उपयोग अज्ञात. नग १. स्थिती ठीक." चौतीस वर्षांत चौतीस वेळा लिहिलं होतं. त्यांच्या आधीच्या तिघा स्टोअरकीपरांनीही हेच शब्द लिहिले होते, तेच पुढे चालू राहिले होते. नग एक असणं महत्त्वाचं. तो कशाचा नग आहे हे विचारायचा रकानाच वहीत नव्हता.

त्यांनी वस्तू खाली आणली आणि रॉकेलचा बोळा चकतीवर फिरवला. आधी काळं गेलं, मग तपकिरी, मग लाल दिसू लागलं. लालावर कोंबडा उगवला. त्याची शेपटी गंजाने खाल्ली होती, पण तुरा शाबूत होता.

झाकण फिरवून पाहिलं. अडकलं. सांध्यात तेलाचा एक थेंब सोडून थोडं थांबले. पुन्हा फिरवलं. छत्रीची काडी करकरली, सरकली, आणि पेरूएवढा पत्र्याचा दिवा सावकाश डावीकडे वळला. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे.

त्या दुपारी पावतीकाकांनी तो दिवा किती वेळा वळवला हे त्यांनी मोजलं नाही.

वही क्रमांक सात माळ्यावर कापडात बांधलेली होती. तीही ते दर वर्षी मोजत. मोजायला वही सोडावी लागत नाही. आज सोडली. पान एकशे बारा, "बाहेरचे" या मथळ्याखाली शाई फिकट पण वाचता येण्याजोगी होती: "१९ मे. कंदीलवाले. आठ नंबरचा पाना, नग १. तारण: वळणाऱ्या दिव्याचा त्यांनी केलेला नमुना, नग १. ठेवला खिळा ६३." पुढचा रकाना "परत" असा होता. तो रिकामा होता.

मालकांच्या सहीच्या आधी शहात्तर दिवस.

घरी आले तेव्हा चहावर साय धरली होती. सासूबाईंनी मान वर न करता विचारलं, "सापडली का पावती?"

"सापडली," पावतीकाका म्हणाले, आणि उतरवून आणलेली नोंद त्यांच्यासमोर ठेवली.

सासूबाईंनी भिंग लावून ती दोनदा वाचली. कंदीलवाले या शब्दावर बोट ठेवलं, मग ते पुढच्या रकान्यावर सरकवून म्हणाल्या, "हा 'परत'चा रकाना रिकामा का?"

"पाना परत आला नाही म्हणून."

"असं होय," सासूबाई म्हणाल्या आणि यंत्र चालवायला लागल्या. बायकोने पाहिलं तर सुईखाली कापड नव्हतं. रिकामं यंत्रच बराच वेळ मजेत चाललं होतं.

सोमवारी पावतीकाकांनी चौकटीतलं चित्र, सात नंबरची वही आणि नमुना, तिन्ही वस्तू मॅनेजरांच्या टेबलावर मांडल्या. मॅनेजरांनी सगळं वाचलं आणि खुर्चीत मागे टेकले.

"काका, हे कंदीलवाले तुमच्या सासूबाईंचे वडील ना? लोक म्हणतील जावयाने सासरची सोय केली."

"म्हणूनच माझा शब्द धरू नका. वही माझ्या जन्माआधीची आहे. चित्रावरची ओळ मालकांच्या सहीच्या खालची आहे."

"मालकांचे नातू पहिल्या रांगेत बसणार आहेत हो."

"मालकांचं काहीच जात नाही. बाहेरच्या माणसाचं डोकं ओळखून त्यांनी आपली एकुलती एक गाडी त्याच्या हातात दिली. तेही लिहू."

मॅनेजर उत्तर द्यायच्या तयारीत होते, पण त्यांचा हात नमुन्याकडे गेला होता. त्यांनी झाकण डावीकडे फिरवलं. दिवा वळला. उजवीकडे फिरवलं. टेबलावरची टाचणीची डबी समोर ठेवली, तिला वळसा घालावा तसं झाकण फिरवलं, आणि दिव्याने डबी ओलांडून पलीकडे पाहिलं.

"कसला हुशार माणूस," ते स्वतःशीच म्हणाले. मग जरा सावरून, "लिहायचं काय?"

पावतीकाकांनी मजकूर तयार ठेवला होता: वळणारा दिवा या गाडीवर प्रथम बसवला. गाडी संस्थापकांची. कल्पना कंदीलवाल्यांची.

"अक्षरं?"

"चौतीस. दोन हजार चाळीस."

मॅनेजर हसले. "म्हणजे खरं सांगणं एकशे ऐंशी रुपयांनी स्वस्त पडलं."

एक मार्चला सकाळी दहा वाजता फाटकाशी खुर्च्या मांडल्या होत्या. पाटीवरचं कापड सासूबाईंनी ओढलं. चौतीस अक्षरं त्यांनी मोठ्याने वाचली, न अडखळता. टाळ्या वाजल्या, मालकांच्या नातवांनीही वाजवल्या. मग सासूबाईंना धरून गाडीत चढवलं आणि ड्रायव्हरच्या जागी बसवलं. त्या एवढ्याशा बाई स्टिअरिंगमागे जेमतेम दिसत होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी चाक फिरवलं. तिसरा दिवा वळला आणि थेट मॅनेजरांच्या तोंडाकडे पाहू लागला.

"असेच बसा," सासूबाई आतून म्हणाल्या. "आता बरोबर रस्त्यात आहात."

फाटकातले ड्रायव्हर हसून हसून वाकले.

नमुना काचेच्या पेटीत टेबलावर ठेवला होता. खाली उतरल्यावर सासूबाई तिथे येऊन थांबल्या. काचेवर नाक टेकेपर्यंत वाकल्या, कोंबडा पाहिला. मग हातातल्या पिशवीतून कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि पावतीकाकांच्या हातावर ठेवलं. जड होतं. कापड सोडलं तर आत तेलाचा हात फिरवलेला, लखलखीत, कंपनीचा शिक्का असलेला आठ नंबरचा पाना.

"हा कुठे होता?"

"यंत्राच्या खणात. जावयाने कधी उघडला नाही तो खण. त्यात मोजण्यासारखं काही नव्हतं."

मॅनेजर खूश झाले. "वा, आजी. हाही ठेवू पेटीत, शेजारी."

पावतीकाका मात्र पाना हातात घेऊन उभे राहिले. चेहरा ओढल्यासारखा झाला. "साहेब, तसं करता येत नाही."

"का?"

"हत्यार जमा झालं की तारण सुटतं. मी हा पाना आत घेतला तर नमुना आत्ताच्या आत्ता यांना परत द्यावा लागेल. नियम आहे."

"काका, आजचा एक दिवस..."

"चौतीस वर्षांत एकदाही नाही."

मॅनेजर पेटीकडे पाहू लागले. सासूबाई जावयाकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत हसू जमत होतं.

"म्हणजे हा माणूस माझ्याच बाबतीत असा नाही तर," त्या मुलीला म्हणाल्या. "मला उगाच वाटायचं."

"नाही गं आई. सगळ्यांनाच छळतो."

सासूबाईंनी पाना जावयाच्या हातातून परत घेतला आणि पुन्हा कापडात गुंडाळला.

"बाबांनी तो विसरून ठेवलेला नव्हता. मुद्दाम ठेवला होता. म्हणायचे, पाना दिला की नमुना घरी येईल, आणि घरात तुम्ही पोरं दोन दिवसांत खेळून त्याचा चेंदामेंदा कराल. तिथे खिळ्यावर आहे तो सुखात आहे." त्यांनी गुंडाळी पिशवीत टाकली. "आता तर काचेत आहे. मग राहू दे की तिथेच."

"आणि पाना?" मॅनेजरांनी विचारलं.

"देईन सवडीने," सासूबाई म्हणाल्या आणि गुरुवार नसताना तिसऱ्या दिव्यावर हात ठेवून आल्या.

निवृत्तीच्या आठवड्यात पावतीकाकांनी नव्या स्टोअरकीपरला चार्ज दिला. सगळं मोजून दिलं, दोन दिवस लागले. खिळा त्रेसष्टसमोरचं "उपयोग अज्ञात" त्यांनी पट्टीने रेघ मारून खोडलं आणि तिथे "वळणाऱ्या दिव्याचा पहिला नमुना" असं लिहून सही केली. वही क्रमांक सात उघडी म्हणून तशीच पुढे गेली.

पान एकशे बारा: कंदीलवाल्यांकडून आठ नंबरचा पाना, नग एक, येणे बाकी.